काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे: घासण्याआधी हे बघा

काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात, रबिंग कंपाउंड (रंग घासून झिजवणारी खरखरीत पेस्ट) हाताने घासू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया लगेच घासू नका. आधी ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं तर ओरखडा खोल आहे, पॉलिशने पूर्ण जाणार नाही. अडकलं नाही तर तो बहुधा क्लिअर कोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे.

ओरखडा निघतो म्हणजे काय, तर आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून त्याच्या तळापर्यंत आणायचा. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणून दर सहा महिन्यांनी पॉलिश करून घेणं मला अजिबात पटत नाही. बॉनेटच्या कडांवर तो आणखी पातळ असतो. तिथे मी मास्किंग टेप लावतो.

पॉलिश करायचंच तर एवढं हवं: ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं), मऊ फोमचं पॅड, फिनिशिंग पॉलिश (कंपाउंडपेक्षा बारीक, सौम्य), आणि सावलीत थंड झालेला पत्रा. आधी वीतभर जागेवर करून टॉर्चच्या उजेडात बघा. तेवढ्याने भागलं तर कंपाउंडला हातच लावू नका.

मूळ दुखणं मात्र रोज सकाळी कोरड्या किंवा मळक्या फडक्याने धूळ पुसण्यात आहे. आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे दादा एकाच बादलीत दहा गाड्यांचं फडकं पिळायचे. मी त्यांना चार मायक्रोफायबर कापडं आणि दुसरी बादली आणून दिली. आधी नुसतं पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मगच पुसा, असं सांगितलं. जुन्या बादलीच्या तळाला बोट लावलं तर चिमूटभर बारीक रेती हाताला लागली होती.