सतरा वर्षांच्या पोरानं कोयता चालवला, तर त्याला मोठ्यांच्याच जेलात टाकावं का?

वेल्डर_सातपूर (धागा काढणारा)

परवा आमच्या कॉलनीतल्या चहाच्या टपरीवर हाच विषय निघाला. मिसरूड न फुटलेली पोरं कोयते घेऊन फिरतात, दुकानं फोडतात, गाड्यांच्या काचा फोडतात. टपरीवर एकमत झालं : सोळाच्या वरचा प्रत्येक जण सज्ञान धरा आणि नाशिकरोडच्या सेंट्रल जेलात पाठवा. मला हे पटलं नाही. तिथे नीट बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितो.

मी पोरांना वेल्डिंग शिकवतो. चार वर्षांपूर्वी निरीक्षणगृहातून (पकडलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथून) सुटलेला एक मुलगा माझ्याकडे आला. मिरवणुकीतल्या मारामारीत त्यानं एकाला चाकू मारला होता. पहिला महिनाभर तो पाठ भिंतीला लावल्याशिवाय बसत नसे. होल्डर धरला की हात थरथरायचा, रॉड पत्र्याला चिकटून बसायचा. पण खरी अडचण ती नव्हती. रोज साडेपाचला वर्कशॉपच्या गेटसमोर त्याच्या ‘भाई’ची बुलेट उभी राहायची. भाई काही बोलायचा नाही, फक्त थांबायचा. मग आम्ही त्याला मागच्या दारानं सोडू लागलो. एक मोठा विद्यार्थी त्याला गाडीवर पाथर्डी फाट्यापर्यंत पोचवायचा. हे सात महिने चाललं, मग बुलेट यायची थांबली. आज तो अंबडच्या एका कारखान्यात कामाला आहे.

हाच मुलगा सतराव्या वर्षी मोठ्यांच्या बराकीत गेला असता, तर तिथे त्याला एका भाईऐवजी दहा भेटले असते. पोरगं बिघडतं किंवा सुधरतं ते सुटल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत, आणि त्या काळात त्याच्याजवळ कोणीच नसतं. आपण भांडायचं ते यासाठी.

सिडकोकर_ताई

दादा, तुमच्या मुलाचं भलं झालं, बरं वाटलं. आता माझ्या भावाचं ऐका. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दीड वर्षापूर्वी तिघांनी दुकानात घुसून त्याच्यावर वार केले. दोघं अल्पवयीन. भावानं हात आडवा केला म्हणून मान वाचली. उजव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत. सिमकार्डचा ट्रे काढायची ती बारीक पिन असते ना, ती त्याला चिमटीत धरता येत नाही. गिऱ्हाईक आलं की तो पिन त्याच्याच हातात देतो आणि म्हणतो, तुम्हीच काढा.

वार करणारा मुलगा दोन महिन्यांत सुटून आमच्याच कोपऱ्यावर उभा राहिला. आम्हाला साधा फोन कोणी केला नाही. भाऊ शटर उघडायला गेला तेव्हा तो समोर दिसला. त्या दिवशी भाऊ शटर तसंच ओढून घरी आला. त्या मुलाला नवी सुरुवात मिळते, मग माझ्या भावाची नवी सुरुवात कुठे आहे? सतराव्या वर्षी मान कुठे असते ते ज्याला कळतं, त्याला शिक्षाही कळायला हवी.

वकील_सीबीएस

चर्चा गरम आहे, पण कायदा काय आहे ते आधी बघू. ‘अल्पवयीनानं काहीही करा, तीन वर्षांत सुटतो’ असं लोक म्हणतात, ते आता पूर्ण खरं नाही. दिल्लीच्या 2012 च्या प्रकरणानंतर 2015 चा बाल न्याय कायदा आला, तो जानेवारी 2016 पासून लागू आहे. गुन्हा निर्घृण वर्गातला असेल आणि मुलगा सोळा पूर्ण असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती तपासतं. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. मंडळाला योग्य वाटलं तर खटला बाल न्यायालयात सज्ञानासारखा चालतो. तसा चालला तरी एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाला ‘सुरक्षित स्थानी’ ठेवतात, जेलात नाही. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही.

ताई, तुमच्या प्रकरणाची मेख वेगळी आहे. निर्घृण म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा कायद्यात लिहिली आहे असा गुन्हा. खुनाच्या प्रयत्नाला कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान शिक्षा ठरवलेली नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये असे गुन्हे ‘गंभीर’ या खालच्या वर्गात धरायला सांगितलं, 2021 च्या दुरुस्तीनं ते कायद्यातच आलं. म्हणून वार बसून माणूस वाचला की खटला सज्ञानासारखा चालवण्याचा रस्ताच बंद. हे मला स्वतःला खटकतं.

निवृत्त_हवालदार

वकीलसाहेबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. आता आमच्या बाजूनं ऐका. ही पोरं अडाणी नाहीत. पकडल्यावर आधी आधारकार्ड पुढे करतात, ‘साहेब, मी अठराच्या आत आहे’. कोयता त्यांच्या हातात कोण देतं? पंचवीस-तीस वर्षांचा भाई. अल्पवयीन पकडला गेला तर आपण सुटतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. 1986 च्या कायद्यात मुलग्यांसाठी मर्यादा सोळाच होती. 2000 साली ती अठरा केली. सोळाची असताना काही आभाळ कोसळलं नव्हतं. परत सोळा करा.

वेल्डर_सातपूर

हवालदारसाहेब, तुम्हीच म्हणताय की कोयता भाई देतो. मग वय खाली आणून भाईचं काय बिघडेल? तो उद्या पंधराचं पोरगं शोधेल. 2015 च्या त्याच कायद्यात कलम 83 आहे. बेकायदा कामासाठी मुलांना वापरणाऱ्या सज्ञानाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. हे कलम तुम्ही किती वेळा लागलेलं पाहिलं?

निवृत्त_हवालदार

खरं सांगायचं तर माझ्या नोकरीत फारसं नाही. पोरगं भाईचं नाव घेत नाही, आणि नाव नसलं की पुरावा उभा राहत नाही. पण लावायला हवं होतं, हे मान्य.

कॉलेजरोड_27

पुण्यात मे 2024 मध्ये कल्याणीनगरला पोर्शेनं दोघांना उडवलं. सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन, वर 300 शब्दांचा निबंध! आपल्या फुलेनगरच्या गरीब पोराला असा निबंध कधी मिळाला का? वय सोडा, आधी पैशानं पडणारा फरक बंद करा.

वकील_सीबीएस

त्या जामिनावर लोक चिडले ते योग्यच होतं. मंडळानं नंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवलं आणि जूनमध्ये उच्च न्यायालयानं सुटकेचा आदेश दिला, हेही लक्षात ठेवा. जामीन हा या कायद्याचा नियम आहे, पण अपवादही आहेत. सुटल्यावर मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं मानायला कारण असेल, तर मंडळ जामीन नाकारू शकतं. सोडलं तरी परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली सोडता येतं. ताईंच्या गल्लीतला तोच कोपरा, तीच टोळी, हे मंडळासमोर कोणी ठेवलं होतं का? ठेवता येतं, आणि ठेवावं.

आणखी एक. या मुलांचे फोटो-नावं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सिडकोकर_ताई

हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी स्वतः जाऊन उभी राहिले असते. दीड वर्ष आम्ही फक्त ‘केस चालू आहे’ एवढंच ऐकतोय.

वेल्डरदादा, तुम्हाला एक विचारते, राग मानू नका. तुमच्या मुलानं ज्याला चाकू मारला, त्याच्या घरी तुम्ही कधी गेलात का?

वेल्डर_सातपूर

नाही गेलो. चार वर्षांत कधी मनातही आलं नाही. मुलाची आई, त्याची आजी, परिविक्षा अधिकारी, सगळ्यांशी बोललो. ज्याला लागलं त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. ताई, तुमचा प्रश्न मला लागला.

वयाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. सतराच्या पोराला मोठ्यांच्या जेलात टाकू नये, हेच म्हणेन. पण ज्याच्या अंगावर वार झाला त्याला तारीख कळवायची नाही, मुलगा कधी सुटणार ते सांगायचं नाही, हे मी आजवर गृहीत धरून चाललो होतो. ते चूक आहे. रविवारी तुमच्या भावाच्या दुकानावर आलो तर चालेल का?

सिडकोकर_ताई

मलाही तुमचं पटलेलं नाही. माझ्या भावाचा हात बघाल तेव्हा पुढचं बोलू.

रविवारी दुकान एकपर्यंत उघडं असतं. तुम्ही या. त्या मुलाला मात्र बरोबर आणू नका, अजून नको.