मदत हवी आहे: मारुती 800 च्या जुन्या ब्लॉकचं सामान दुसऱ्या ब्लॉकमध्ये बसेल का?

बाबांची 1998 ची मारुती 800, 796 सीसी, तीन सिलिंडर. खंबाटकी घाटात रेडिएटरचा पाइप फुटला, इंजिन तापलं आणि ब्लॉकला (ज्यात सिलिंडर असतात त्या इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला) चीर गेली. कोल्हापुरातल्या एका स्क्रॅपवाल्याकडून तसलाच ब्लॉक मिळाला. क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा), कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन जुनेच वापरायचा विचार आहे, कारण क्रँकवर ओरखडासुद्धा नाही.

अडचण बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाची. कंपनीचा बोअर 68.5 मिमी, पण हा ब्लॉक लेथवर मोजला तर 68.75 भरला, म्हणजे आधी एकदा बोअरिंग झालंय, सिलिंडर आतून कोरून मोठा केलाय. माझे पिस्टन स्टँडर्ड आहेत, म्हणजे कंपनीच्या मूळ मापाचे. मिस्त्री म्हणतात, "पिस्टनला ओव्हरसाइज (मोठ्या मापाच्या) रिंगा टाका, चालेल." मला ते पटत नाही. रिंगांनी पिस्टनची ढिलाई कशी भरून निघेल? गार इंजिनात पिस्टन खडखडणारच. 0.25 ओव्हरसाइजचे पिस्टन घ्यावेत की थेट 0.50 ला बोअरिंग करावं?

दुसरं, मेन बेअरिंगच्या कॅपा, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणारी झाकणं. त्या ब्लॉकसोबतच बोअर केलेल्या असतात, म्हणून नव्या ब्लॉकच्याच ठेवणार, तेही जागा न बदलता. पण बेअरिंग निवडताना ब्लॉकवर कोरलेली अक्षरं आणि क्रँकवरचे आकडे जुळवायचे, ते कोणी केलंय का? की प्लॅस्टिगेजने (दाबली की किती पसरली त्यावरून फट कळते, अशा प्लॅस्टिकच्या बारीक तारेने) फट मोजली तर पुरे?

शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवरच असतो, त्यामुळे आरसी बदलावी लागणार. आरटीओत कोणते कागद लागले, तेही सांगा.

बाबांनी याच गाडीत मला गाडी शिकवली. ती भंगारात द्यायची नाही.