मदत हवी आहे : शांताबाई दाणींचे फोटो, आठवणी, आवाज

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात शांताबाई दाणींवर एक छोटं प्रदर्शन मांडतोय. नाशिकच्या शांताबाई बाबासाहेबांच्या चळवळीत तरुणपणीच उतरल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. सत्याग्रह केले, तुरुंगात गेल्या, १९६८ ते १९७४ विधान परिषदेत होत्या. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे मुलींचं वसतिगृह. त्या वसतिगृहामुळे कितीतरी दलित मुलींना शाळा सुटू न देता शिकता आलं. भाषणं सगळेच करतात हो, रोजच्या जेवणाची आणि फीची सोय कोण बघतं?

आमच्याकडे त्यांचा एकच फोटो आहे, तोही वर्तमानपत्रातलं कात्रण. मोठा करायला गेलं की चेहरा नुसता काळा ठिपका होतो. कुणाकडे बरा फोटो आहे का? भाषणाची कॅसेट? ‘रात्रंदिन आम्हा’ हे त्यांचं आत्मकथन विकत किंवा वाचायला कुठे मिळेल?

आणि त्या वसतिगृहात राहिलेल्या कुणी ताई, आजी तुमच्या ओळखीत असतील तर जरूर कळवा. त्यांच्याच हस्ते उद्घाटन करायची फार इच्छा आहे. येण्याजाण्याची व्यवस्था आम्ही करू.