दान्तेचा नरक: पापाला साजेशी शिक्षा खरंच न्याय्य वाटते का?

आडवाट

दोन महिने इटालियन कवी दान्तेचा 'इन्फेर्नो' वाचत होतो, तो स्वतः नरकातून फिरतो ते काव्य. रोज एक सर्ग, कधी अर्धाच. काल चौतिसावा संपला. वाचताना एक मत पक्कं होत गेलं, ते मांडतो. पटलं नाही तर खोडून काढा.

दान्तेचा नरक म्हटलं की उकळतं डांबर आणि आकडे घेतलेले सैतान आठवतात. ते आहेतच. पण अठ्ठाविसाव्या सर्गात बेर्त्रां द बॉर्न नावाचा कवी भेटतो. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीच्या मुलाला बापावर उठवल्याचा ठपका त्याच्यावर आहे. नरकात तो स्वतःचं तुटलेलं मुंडकं केसांना धरून, कंदिलासारखं पुढे करून चालतो. दान्ते वर पुलावर उभा असतो. आपलं बोलणं त्याला नीट ऐकू जावं म्हणून हा हात उंच करून मुंडकं वर धरतो. सांगतो, जोडलेली माणसं मी तोडली, म्हणून माझं डोकं धडापासून तुटलंय. याच सर्गाच्या शेवटच्या ओळीत तो या न्यायाचं नाव घेतो: कॉन्त्रापास्सो, म्हणजे जसं पाप तशीच उलटून आलेली शिक्षा. अख्ख्या काव्यात हा शब्द एकदाच येतो.

माझं म्हणणं असं, की ही शिक्षा बाहेरून लादलेली नाही. तो जिवंतपणी जे करत होता तेच आता त्याच्या अंगावर दिसतंय. वासनेच्या मागे भरकटलेल्यांना वादळ भिरकावत राहतं, पण ते वादळ तर आधीपासूनच त्यांच्यात होतं. भविष्य सांगणाऱ्यांच्या माना मागे पिरगाळलेल्या आहेत आणि त्यांचे अश्रू पाठीवरून ओघळतात. याहून नेमका न्याय मला दुसऱ्या कुठल्याही काव्यात भेटलेला नाही.

जुनी वही

अजिबात सहमत नाही. मी तेराव्या सर्गात थांबले आणि पुस्तक मिटलं.

तिथे आत्महत्या केलेल्यांची झाडं आहेत, वाकडीतिकडी, काटेरी. दान्ते एक डहाळी मोडतो आणि मोडल्या जागेतून रक्त आणि शब्द एकदमच बाहेर येतात. त्याने दिलेली उपमा डोक्यातून जात नाही. ओलं लाकूड एका टोकाला पेटलं की दुसऱ्या टोकाने पाणी गळतं आणि सूं सूं आवाज येतो, तसं. आजीच्या चुलीपाशी बसलेली आहे मी, तो आवाज मला ठाऊक आहे.

ते झाड म्हणजे पिएर देल्ला विन्या, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा उजवा हात. दरबारातल्या मत्सराने त्याच्यावर द्रोहाचा आळ आला, कैद झाली, त्याने जीव दिला. झाडाच्या मुळांची शपथ घेऊन तो सांगतो की धन्याशी मी बेइमानी केली नाही. म्हणजे माणूस निर्दोष आहे हे दान्तेलाही मान्य, आणि तरी त्याचं झाड! शेवटच्या निवाड्याच्या दिवशी सगळ्यांना आपापली शरीरं परत मिळणार, पण ही माणसं स्वतःचं शरीर ओढत आणून आपल्याच काट्यांवर टांगणार, कारण जे आपण टाकून दिलं ते परत अंगावर घेता येत नाही.

माझा मावसभाऊ असाच गेला, चार वर्षं झाली. त्याने काहीही 'टाकून दिलं' नव्हतं. त्याला सहन होत नव्हतं, एवढंच. 'साजेशी शिक्षा' हे शब्द मला त्याच्या बाबतीत ऐकवत नाहीत.

आडवाट

भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. मी नेमकेपणाचं कौतुक करत होतो, हे माणूस गमावलेल्याला कसं ऐकू येईल याचा विचार केला नाही.

एकच सांगतो. पिएरचं बोलून झाल्यावर व्हर्जिल, म्हणजे दान्तेला नरकातून वाट दाखवणारा रोमन कवी, त्याला म्हणतो, अजून काही विचारायचं असेल तर विचार. दान्ते म्हणतो, तूच विचार, माझ्याच्याने होत नाही, इतकी दया दाटून आलीय. ज्याने ही शिक्षा लिहिली त्याचाच शब्द तिथे अडतो.

नदीकाठ

दया आली तरी निकाल बदलत नाही ना? माझा आक्षेप तिथेच आहे. वडील गेले तेव्हा आमच्याकडे दहा दिवस गरुडपुराण वाचलं. त्यातल्या यातना ऐकून मी लहानपणी जितका घाबरलो होतो तितकाच परत घाबरलो. करावं तसं भरावं हे तिथेही आहेच. पण भोग संपतो, जीव पुढे जातो. दान्तेच्या नरकाच्या दारावर लिहिलंय की मी कायमचा आहे, आत येणाऱ्यांनी सगळी आशा सोडावी. साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातल्या चुकीला अंत नसलेली शिक्षा साजेशी कशी?

आणि आपलं काय? 'पारादीसो'च्या, म्हणजे स्वर्गाच्या भागाच्या, एकोणिसाव्या सर्गात दान्तेच्याच मनातला प्रश्न येतो: सिंधूच्या काठी एक माणूस जन्मतो, तिथे ख्रिस्ताबद्दल सांगणारं, वाचणारं, लिहिणारं कुणी नाही. तो सज्जन आहे. बाप्तिस्म्याविना मेला तर त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कुठला? उत्तर मिळतं की विताभर नजरेने हजार मैलांवरचा निवाडा करणारा तू कोण. याला मी उत्तर मानत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवलंय.

कंदील

नदीकाठ, पुढचा सर्गही वाचा. तिथे रिफेउस नावाचा ट्रोजन, म्हणजे ट्रॉय नगरीचा माणूस, थेट स्वर्गात आहे, ख्रिस्ताच्या कितीतरी आधीचा माणूस. तुमच्या प्रश्नाने दान्तेलाही शेवटपर्यंत सोडलेलं नाही.

मला खटकतं ते वेगळंच. १३०२ मध्ये त्याला फ्लोरेन्समधून हद्दपार केलं, परत सापडला तर जिवंत जाळू असा हुकूम काढला. त्यामागे त्याला पोप आठवा बोनिफेस दिसत होता. 'इन्फेर्नो'च्या एकोणिसाव्या सर्गात तिसरा निकोलस पोप उलटा, डोकं खड्ड्यात आणि तळपाय पेटलेले असा आहे, आणि तो दान्तेलाच बोनिफेस समजून विचारतो, आलास का इतक्यात? काव्यातली ही फेरी १३०० सालची, आणि बोनिफेस तेव्हा जिवंत होता! जिवंत माणसाची जागा आधीच राखून ठेवणं हा सूड आहे.

आडवाट

बोनिफेसच्या बाबतीत मान्य. पण ज्याला तो गुरू मानतो तो ब्रुनेत्तो लातिनीही आगीच्या पावसात चालतोय, आणि दान्ते त्याच्याशी मान झुकवून बोलतो. नुसता सूड घ्यायचा असता तर आवडत्या माणसाला वगळलं असतं.

जुनी वही, शक्य असेल तर चौदाव्याच्या पहिल्या तीनच ओळी वाचा. सक्ती नाही.

जुनी वही

वाचल्या. त्या कळायला आधी तेराव्याचा शेवट परत वाचावा लागला. तिथे एक झुडूप आहे, स्वतःच्या घरात जीव दिलेला फ्लोरेन्सचा कुणीतरी, नाव सांगितलेलं नाही. दुसऱ्याच एकामागे लागलेल्या कुत्र्यांनी त्याच्या फांद्या ओरबाडल्यात. तो म्हणतो, माझी तुटलेली पानं माझ्या बुंध्याशी गोळा करा. दान्ते त्याला काही बोलत नाही. आपल्या गावचा माणूस म्हणून वाकतो, विखुरलेली पानं गोळा करतो आणि त्याची त्याला परत देतो.

न्याय मला अजूनही पटलेला नाही, तुम्ही कितीही सांगा. पण त्या पानांपाशी बराच वेळ बसून होते. उद्या पंधरावा वाचीन.