मदत हवी आहे: बाबांच्या होडीवरून विमान फार खालून गेलं आणि वळून परत आलं

नमस्कार मंडळी,

माझे बाबा मालवणला मासेमारी करतात. गिलनेटची (पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्याची) छोटी यांत्रिक नौका आहे, बाबा स्वतः तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, आणि सोबत चार खलाशी. मी नोकरीसाठी पुण्यात असते, त्यामुळे पुढचं सगळं फोनवर ऐकलेलं आहे. पण बाबांना तीन-तीनदा विचारून खात्री करून घेतलंय.

गेल्या आठवड्यात सकाळी जाळी ओढायचं काम चालू असताना गोव्याच्या अंगाने एक विमान आलं. करड्या रंगाचं, दोन पंख्यांचं, पंख अंगाच्या वरच्या बाजूला. बाबांच्या शब्दांत सांगायचं तर, "अगदी डोक्यारसून गेला गो. पोटाखाली टोप उपडो घातल्यासारखा दिसा होता." बोटीवरचा सगळ्यात लहान खलाशी, एकोणीस वर्षांचा पोरगा, खुशीत उभा राहून दोन्ही हात वरखाली करायला लागला. विमान पुढे गेलं, समुद्रावर मोठा वळसा घेतला आणि परत आलं. या वेळी आणखी खालून, होडीच्या बाजूने. जाताना दोन-तीनदा डावी-उजवीकडे कललं आणि उत्तरेला निघून गेलं.

बाबा घाबरट नाहीत. 4 डिसेंबर 2023 ला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ नौदल दिन झाला, तेव्हा लढाऊ विमानं बघायला आम्हा सगळ्यांना पहाटेपासून तारकर्लीला नेऊन बसवणारे तेच. आता त्यांना आवाजाची भीती नाही, संशयाचं लागलंय. आपल्या होडीत काय वावगं दिसलं म्हणून ते परत फिरलं? बंदरावर कोणीतरी म्हणालं, "तुमची नोंद झाली आता, पोलीस येतील." तेव्हापासून जेवणावर लक्ष नाही. कागदांची पिशवी रोज काढून बघतात. आयुष्यभर सचोटीने धंदा केलेल्या माणसाला हे फार लागतं, आणि मला इथे बसून काही करता येत नाही.

ते विमान कुठलं असेल, इतक्या खालून का गेलं, परत का फिरलं आणि पुन्हा असं झालं तर होडीवरच्या माणसांनी काय करायचं, हे जाणत्या माणसांनी सांगावं. पंख कलले तो बिघाड होता का, हेही बाबा सारखं विचारतायत. एका खलाशाने मोबाइलवर शूटिंग केलंय. ते इथे टाकू का?

निवृत्त नौसैनिक

ताई, आधी बाबांना फोन करून सांगा की काळजीचं कारण नाही. बाकीचं नंतर वाचा.

तुमच्या वर्णनावरून ते बहुधा डॉर्निअर 228. पंख वर, दोन टर्बोप्रॉप म्हणजे पंखा फिरवणारी इंजिनं, आणि पोटाखालचा "टोप" म्हणजे समुद्रावर नजर ठेवणाऱ्या रडारचं कवच. ही विमानं कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात बनतात. नौदल आणि तटरक्षक दल, दोघांकडे आहेत. तटरक्षक दलाचं असेल तर अंगावर मोठ्या अक्षरांत नाव असतं. नौदलाचा गोव्यातला तळ, आयएनएस हंसा, दाबोळीला आहे. मालवण तिथून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे डॉर्निअरला पंधरा मिनिटांचं अंतर. गस्तीच्या वाटेवरच तुमचा समुद्र येतो.

इतक्या खालून का, तर काम तसंच आहे. रडारवर छोटी होडी म्हणजे नुसता ठिपका. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं, ते आपलं नाव-गाव सतत सांगत राहतं. आपल्याकडे 20 मीटरपेक्षा लांब बोटींना ते सक्तीचं आहे, लहान होड्यांवर नसतं. मग ठिपक्याजवळ जाऊन डोळ्यांनी बघावं लागतं: होडीच आहे का, नंबर काय, माणसं किती, जाळी पाण्यात आहेत का. 2008 साली मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरचा 'कुबेर' हा मासेमारी ट्रॉलर ताब्यात घेऊन आले होते. त्यानंतर मच्छीमारांची ओळखपत्रं, होड्यांना ठरलेले रंग, सागरी पोलीस ठाणी हे सगळं वाढलं. जवळून बघितलं म्हणजे संशय घेतला असं नाही. दिसेल त्या होडीची पाहणी हा त्यांचा रोजचा शिरस्ता आहे.

आता परत का फिरलं ते. मला वाटतं उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. पोराने दोन्ही हात पसरून वरखाली केले ना? हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहणं ही आंतरराष्ट्रीय नियमांत संकटाची खूण आहे. वैमानिकाला ती दिसली तर तो पुढे निघून जाऊच शकत नाही. तो वळणार, आणखी खाली येणार, आग लागलीय का, कोणी पाण्यात आहे का, होडी बुडतेय का हे बघणार. जाळी ओढायचं काम नीट चाललेलं दिसलं आणि तो गेला.

आणि पंख कलणं हा बिघाड नाही. विमानाने पंख हलवणं म्हणजे "कळलं" अशी खूण असते. बाबांना सांगा, तो निरोप घेऊन गेला.

देवगडचा तांडेल

वरच्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. आमच्यावरून हिवाळ्यात कितीतरी वेळा जातात. एकदा वादळाचा इशारा होता तेव्हा विमानच घिरट्या घालून व्हीएचएफवर (होडीवरच्या रेडिओवर) मराठी-हिंदीत सांगत होतं, परत फिरा म्हणून. सेट चॅनल 16 वर चालू ठेवा, हे महत्त्वाचं. विमानाने विचारलं तर होडीचं नाव, नंबर, बंदर, माणसं किती एवढं सांगायचं, बस. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून मी स्पीकर सुकाणूजवळ आणून बसवलाय.

अभिवादन करायचं तर एका हाताने करा. आणि विमान बघून केबिनमध्ये लपू नका. नवीन पोरं तसं करतात आणि उगाच शंका येते.

नंबर लांबून वाचता येईल असा रंगवलेला असू द्या. पावसाळ्याची बंदी संपली की आमच्याकडे पहिलं काम तेच. कागदांत नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, विमा आणि सगळ्यांची ओळखपत्रं प्लास्टिकच्या डब्यात. बाबांकडे असणारच, तांडेल माणूस आहे. पोलिसांना यायचं असतं तर आतापर्यंत आले असते. त्यांना म्हणावं निर्धास्त जाळी टाका, सुरमईचे दिवस वाया घालवू नका.

आकाशनिरीक्षक

उंचीचा अंदाज हवा असेल तर एक सोपी रीत आहे. हात सरळ पुढे धरला की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते आणि अंगठ्याची दोन अंश. डॉर्निअरच्या पंखांची लांबी सुमारे 17 मीटर. पंख मुठीएवढे दिसले असतील तर विमान जवळपास 100 मीटरवर होतं, अंगठ्याएवढे असतील तर पाचशेच्या आसपास. बाबांना विचारा. समुद्रावर मापाला झाड नाही, घर नाही, त्यामुळे विमान आहे त्याहून खाली वाटतं. पण तांडेलाची नजर अंतराला पक्की असते, त्यांच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवीन.

(धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना स्पीकरवर ठेवून पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. "निरोप घेऊन गेला" या वाक्याला पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "म्हणजे तो आमका बघूक इलेलो." पहिल्या फेरीला पंख मुठीपेक्षा थोडे लहान दिसत होते, दुसऱ्या फेरीला मूठभर, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे शंभर-दीडशे मीटर धरायचं का? आणि हो, पोराने हात तसेच केले होते, पसरून, वरखाली. त्याला कोणी ओरडू नका असं मी बजावलंय, त्याला कुठून माहीत असणार! उलट मला वाटतं, ही खूण प्रत्येक खलाशाला शिकवायला हवी. खरंच वेळ आली तर त्याच हातांनी पाच जीव वाचतील.

निवृत्त नौसैनिक

हो, पाहणीसाठी ती उंची बसते. पोराला शाबासकी द्या.

व्हिडिओ मात्र इथे टाकू नका. त्यात काही गुपित असेल असं नाही, पण गस्तीची जागा, वेळ आणि दिशा कोणालाही फुकट कळू नये. फोनमध्ये ठेवा, नाहीतर पुसून टाका.

अजून एक. गोव्यात पी-8आय ही मोठी, जेट इंजिनांची विमानंही 2022 पासून आहेत. ती पाणबुड्या शोधायला समुद्रात सोनोबॉय टाकतात, साधारण तीन फूट लांबीचं नळकांडं, छोट्या पॅराशूटने उतरणारं. काम संपलं की ते आपोआप बुडतं. तरी कधी जाळ्यात असलं काही सापडलं तर उघडायचं नाही, ठोकायचं नाही. सागरी पोलिसांना 1093 वर कळवायचं. समुद्रात जीव धोक्यात असेल तर तटरक्षक दलाचा नंबर 1554. दोन्ही नंबर केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा.

(धागाकर्ती)

नंबर पाठवले, खलाशी आजच लिहितोय. बाबा उद्या पहाटे जाणार आहेत.

आता एकच मदत हवी आहे. होडीवरचा व्हीएचएफ सेट चालू होतो, पण समोरचा आवाज तुटक येतो. बाबांना वाटतं अँटेनाच्या वायरला खाऱ्या हवेने गंज धरलाय. मालवण, वेंगुर्ले किंवा अगदी रत्नागिरीपर्यंत कोणी नीट तपासून देणारा माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नवा सेट घ्यायची वेळ आली तर मी इथून पैसे पाठवीन, पण दुरुस्त होत असेल तर बाबांना तोच हवा आहे.