स्विचची वेळ एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत) सर्व्हरशी जुळली आहे, हे खात्रीने कसे तपासावे?

प्रश्न
नमस्कार. आमचा कोअर राउटर एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) सर्व्हरकडून वेळ घेतो आणि सर्व सिस्को स्विचना तोच वेळ पुरवतो. नव्या मजल्यावरील स्विचवर 'शो एनटीपी स्टेटस' ही कमांड दिली असता 'अनसिंक्रोनाइज्ड, स्ट्रॅटम १६' (म्हणजे वेळ कोणत्याही स्रोताशी जुळलेली नाही) असे उत्तर येते, मात्र त्याच स्विचवरून राउटरला पिंग व्यवस्थित जातो आणि घड्याळही वरवर पाहता बरोबर दिसते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्व यंत्रणांची वेळ एनआयसी किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवणे बंधनकारक असल्यामुळे ऑडिटपूर्वी याचा उलगडा व्हायला हवा. नेमके काय तपासावे?

उत्तर १
पिंग जातो यावरून एनटीपीविषयी काहीही सिद्ध होत नाही, कारण पिंग आयसीएमपी या प्रोटोकॉलवर चालतो आणि एनटीपी यूडीपी या वेगळ्या प्रोटोकॉलच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर. घड्याळ बरोबर दिसण्यावरही विसंबू नये. 'शो क्लॉक'मध्ये वेळेच्या आधी तारांकन असेल, तर ती वेळ अधिकृत नाही, असे स्विच स्वतःच सांगत असतो.

आता 'शो एनटीपी असोसिएशन्स' पाहावे आणि त्यातील 'रीच' या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. शेवटच्या आठ विचारणांपैकी कोणत्या विचारणांना उत्तर मिळाले, याची ही नोंद अष्टमान पद्धतीने लिहिलेली असते. आठही उत्तरे आली तर ३७७, केवळ ताजे उत्तर हुकले तर ३७६, आणि एकही आले नाही तर शून्य. आपल्याकडे शून्य असेल आणि संदर्भाच्या रकान्यात '.इनिट.' दिसत असेल, तर राउटरवरील एनटीपी ॲक्सेस-ग्रुप (वेळ कोणाला द्यायची याची यादी) आणि वाटेतील फायरवॉल आधी तपासावेत.

उत्तर २
वरील उत्तराला एक पुरवणी. 'रीच' ३७७ असूनही सर्व्हरच्या पत्त्यापुढे तारांकन येत नाही, असेही घडते. (इथले तारांकन मात्र शुभ, त्याचा अर्थ हाच सर्व्हर निवडला गेला आहे.) विंडोजच्या डोमेन कंट्रोलरकडून वेळ घेताना हे बरेचदा दिसते, कारण त्याने कळवलेले रूट डिस्पर्जन (मूळ स्रोतापासूनच्या संभाव्य चुकीचा अंदाज) इतके मोठे असते की सिस्कोचे उपकरण तो स्रोत नाकारते. अशा वेळी 'शो एनटीपी असोसिएशन्स डिटेल'मध्ये 'इनसेन, इनव्हॅलिड' असे शब्द दिसतात.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. 'रीच' शून्यच होते. राउटरवरील ॲक्सेस-ग्रुपच्या यादीत नव्या मजल्याचा सबनेट (तिथल्या आयपी पत्त्यांचा गट) नव्हता. तो जोडल्यावर १, ३, ७, १७ असा आकडा चढत गेला आणि थोड्या वेळाने तारांकनही आले. आता स्टेटसमध्ये 'सिंक्रोनाइज्ड' दिसते, तरी लॉगमधील वेळ साडेपाच तास मागे आहे. जुळणी अजून अपुरी आहे का?

उत्तर १
जुळणी पूर्ण आहे. एनटीपी केवळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) पुरवते, स्थानिक वेळ उपकरणाला वेगळी सांगावी लागते. 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' आणि 'सर्व्हिस टाइमस्टँप्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम शो-टाइमझोन' या दोन ओळी द्याव्यात. शेवटचा शब्द गाळू नये, म्हणजे लॉगमधील प्रत्येक नोंद कोणत्या वेळेची आहे, हे तपासणाऱ्याला विचारावे लागणार नाही.