छंद सोडू नका

नोकरी सांभाळून कादंबरी लिहायची तर बागेचा छंद सोडावा का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच सोडू नका. मी मालवणला असतो, माझ्या कादंबरीचं तिसरं प्रकरण चालू आहे. सकाळी रापण ओढायला जातो. होडीतून जाळं अर्धगोलात टाकतात, मग दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. हात लावला की मासळीत वाटा मिळतो. ओल्या दोराने तळहात सोलून निघतो, नखांत वाळू जाते. माझ्या नायिकेचे हात कसे असतील, हे टेबलाशी बसून कधीच सुचलं नसतं! जून-जुलैत समुद्र खवळलेला, तेव्हा पागोळ्यांच्या आवाजात रोज दोन पानं होतात. तुम्हीही आंब्याची कलमं बांधताना गडी काय बोलतात ते ऐका, रात्री वहीत उतरवा.